सुदानच्या बातम्यांतला ‘निमलष्करी’ हा शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात संघर्ष’ असे वाक्य सुदानच्या बातम्यांत एप्रिल २०२३ पासून छापून येत आहे. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात निमलष्करी म्हटले की निवडणुकीच्या बंदोबस्ताला आलेली केंद्रीय राखीव पोलीस दलाची तुकडी डोळ्यांपुढे येते. असले दल देशाच्या सैन्याकडून राजधानीचा मोठा भाग हिसकावून कसे घेईल, हे वाचकाला उमगत नाही. मग लष्करप्रमुख जनरल बुऱ्हान आणि त्या निमलष्करी दलाचे प्रमुख, ‘हेमेदती’ या नावाने ओळखले जाणारे मोहम्मद हमदान दागालो यांचे आपसांतले वैर, एवढाच अर्थ त्याच्या हाती लागतो. वैर खरेच आहे. पण उद्या दोघेही बाजूला झाले तरी दागालोंच्या दलाचा, म्हणजे रॅपिड सपोर्ट फोर्सेस ऊर्फ आरएसएफचा, प्रश्न तसाच उरेल. तो पगार, हुद्दे आणि सोन्याच्या खाणी यांत रुतलेला आहे.

सशस्त्र दल सरकारचे आहे की सरकारला समांतर, हे गणवेशावरून कळत नाही. पगार कोणत्या तिजोरीतून निघतो, अधिकारी कोण नेमतो, बंदुका कोणाच्या नोंदवहीत आहेत आणि जवानाने गुन्हा केला तर कोणता कायदा लागतो, हे पाहावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलाला १९४९ चा कायदा आहे, पगार केंद्राच्या अर्थसंकल्पातून होतो आणि महासंचालकाची बदली सरकार एका आदेशाने करू शकते. आपल्या किनाऱ्यावरचे तटरक्षक दल १९७८ च्या कायद्याने चालते आणि संरक्षण मंत्रालयाखाली येते. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रावर कोणी काय करायचे, हा वाद आपल्याकडेही झाला. २००९ मध्ये किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपवली गेली. सगळ्या कुरबुरी त्याने संपल्या नसतील, पण त्या फाइलीत राहिल्या, रस्त्यावर आल्या नाहीत. गृह मंत्रालयाने तर २०११ मध्ये आपल्या दलांसाठी ‘निमलष्करी’ हा शब्द सोडून ‘केंद्रीय सशस्त्र पोलीस दले’ हे नाव स्वीकारले आहे.

आरएसएफ या चारही कसोट्यांवर वेगळी निघते. २००३ मध्ये पश्चिम सुदानातल्या दारफूरमध्ये बंड झाले तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओमर अल बशीर यांच्या सरकारने ते मोडायला अरब टोळ्यांना हत्यारे दिली. तेच जंजावीद. २०१३ मध्ये त्यांतूनच आरएसएफ उभी राहिली आणि तिला सैन्याऐवजी गुप्तचर यंत्रणेखाली ठेवले गेले. २०१७ मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा झाला. सैन्याने उठाव केलाच तर अडवायला दुसरे सैन्य हाताशी असावे, हा बशीर यांचा हिशेब होता. एप्रिल २०१९ मध्ये दोन्ही सैन्यांनी मिळून त्यांनाच खाली उतरवले. पुढे बुऱ्हान देशाचा कारभार पाहणाऱ्या सार्वभौम परिषदेचे अध्यक्ष झाले, दागालो उपाध्यक्ष.

पैशाचा मार्ग तोवर तयार झाला होता. येमेनच्या युद्धात माणसे पाठवून पैसा आला. २०१७ मध्ये दारफूरमधल्या जबल आमिरच्या सोन्याच्या खाणी दागालोंच्या माणसांनी ताब्यात घेतल्या, आणि सोन्याचा व्यापार त्यांच्या कुटुंबाच्या अल जुनैद कंपनीतून चालला. सुदानचे बहुतेक सोने दुबईच्या बाजारात जाते. आखातात कोणी नोकरीला नाही असे गाव कोकणात शोधावे लागेल, म्हणून हा दुवा आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगावा असा आहे. सोने एकदा वितळवून त्याची लगड झाली की ते कोणत्या खाणीचे, हे सांगणे फार अवघड. निर्बंध घालूनही फौजेचा पगार थांबत नाही, त्याचे हे एक मोठे कारण. सैन्याचे हातही यात स्वच्छ नाहीत. त्याच्याही स्वतःच्या कंपन्या आहेत आणि त्यांचा पैसा अर्थखात्याकडे येत नाही, ही तक्रार पंतप्रधान असताना अब्दल्ला हमदोक यांनी उघडपणे केली होती.

हे सगळे समजायला आपल्याकडचे दोन जुने शब्द पुरेसे आहेत, बारगीर आणि शिलेदार. बारगिराचा घोडा आणि हत्यार सरकारचे, शिलेदाराचे त्याचे स्वतःचे. शिवाजी महाराजांनी सरकारी पागेवर आणि रोख पगारावर भर दिला. किल्ल्यावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तिघे नेमले, म्हणजे एकाच्या फितुरीने गड जाऊ नये. सुदानच्या राज्यकर्त्यांनी रणगाडे, तोफा आणि विमाने सैन्याकडे ठेवली आणि पायी लढण्याचे काम एका शिलेदारावर सोपवले. युद्धाआधी आरएसएफची माणसे एक लाखाच्या आसपास असल्याचे अंदाज होते आणि त्यांतली बरीच राजधानी खार्तूममध्येच होती. म्हणून लढाई पेटली तेव्हा सैन्याच्या छावण्या शहराच्या मधोमध वेढल्या गेल्या. मशीनगन बसवलेल्या पिकअप गाड्या गल्ल्यांत शिरल्या. विमानांना खाली बॉम्ब टाकण्यापलीकडे काही करता येईना, आणि बॉम्ब पडत होते ते लोकांच्या घरांवर.

ठिणगी पडली ती विलीनीकरणाच्या तारखेवरून. सत्ता नागरी सरकारकडे सोपवण्यासाठी झालेल्या ५ डिसेंबर २०२२ च्या चौकट करारात आरएसएफ सैन्यात मिसळायचे ठरले. सैन्य म्हणाले दोन वर्षांत, आरएसएफ म्हणाली दहा वर्षांत. मधल्या काळात हुकूम सेनापतीचा की नागरी प्रमुखाचा, हेही ठरेना. १ एप्रिल २०२३ ची अंतिम सही टळली, ६ एप्रिलचीही टळली. त्यानंतर आठवडाभरात आरएसएफच्या गाड्या उत्तरेकडील मेरोवे विमानतळाजवळ पोहोचल्या आणि १५ एप्रिलला, रमजानच्या महिन्यात, गोळीबार सुरू झाला. भारताने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून पोर्ट सुदानहून आपली माणसे जेद्दाहमार्गे आणली, ती याच लढाईतून.

मुदतीवर दोघे एवढे का अडले, ते कामाचा क्रम पाहिला की कळते. आधी नवी भरती गोठवायची. मग बोटांच्या ठशांसह नावनिशीवार यादी करायची, कारण अशा फौजांत नसलेल्या माणसांचा पगार सरदार उचलतो. पगार सरकारी खजिन्यातून थेट जवानाच्या हाती द्यायचा. इथेच सरदाराची पकड सुटते आणि इथेच तो अडून बसतो. हत्यारांचे क्रमांक नोंदवून जड हत्यारे आधी जमा करायची. मग हुद्दे तपासायचे. लष्करी अकादमीतून आलेला मेजर आणि टोळीप्रमुखाने केलेला मेजर एका रांगेत उभे करताना दोन्हीकडचे बिथरतात. शेवटी तुकड्या फोडून माणसे मिसळायची. हे शेवटचे टाळले तर काय होते, ते दक्षिण सुदानने दाखवले आहे. २००६ च्या जुबा जाहीरनाम्यानंतर तिथे प्रतिस्पर्धी गट मोठ्या संख्येने सैन्यात घेतले गेले. पगारपत्रक फुगले, जुन्या निष्ठा तशाच राहिल्या आणि डिसेंबर २०१३ मध्ये सैन्यच दुभंगले. रशियातही वॅगनर या खासगी सैन्याने बंड केले ते जून २०२३ च्या अखेरीस. स्वयंसेवक तुकड्यांनी संरक्षण मंत्रालयाशी करार करण्याची मुदत १ जुलै होती.

या किनाऱ्यावर विजयदुर्ग उभा असताना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आंग्र्यांचे आरमार मराठी राज्याचेच होते, पण त्याचे किल्ले, दस्तकाचे (जहाजांना दिलेल्या परवान्यांचे) उत्पन्न आणि खलाशी आंग्र्यांच्या हातात होते. तुळाजी आंग्रे जुमानत नाहीत म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आरमार जळाले आणि तुळाजी कैदेत गेले. बाणकोट इंग्रजांना मिळाला आणि तसे आरमार मराठ्यांना पुन्हा उभारता आले नाही. सुदानमध्येही बाहेरचे हात आहेत. संयुक्त अरब अमिरातीकडून आरएसएफला शस्त्रे मिळत असल्याचे आरोप विश्वासार्ह असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने नोंदवले. अमिराती ते नाकारते.

सैन्याने जानेवारी २०२५ मध्ये वाद मदनी हे शहर आणि मार्चमध्ये खार्तूममधला राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा परत घेतला. आरएसएफने सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर २६ ऑक्टोबर २०२५ रोजी दारफूरमधले अल फाशेर शहर घेतले आणि तिथे नागरिकांची कत्तल झाली. शेजारच्या झमझम छावणीत दुष्काळ २०२४ मध्येच जाहीर झाला होता, आणि सव्वा कोटीच्या आसपास माणसे घरदार सोडून गेली आहेत. सैन्याच्या या विजयांत नव्या सशस्त्र गटांचा मोठा वाटा आहे, ही चिंतेची बाब बातम्यांत जवळजवळ येतच नाही. अबू आक्ला कीकल हा सरदार आधी आरएसएफकडून लढला, ऑक्टोबर २०२४ मध्ये माणसांसह सैन्याकडे आला. दारफूरचे जुने बंडखोर आणि अल बरा बिन मलिक ब्रिगेड ही इस्लामवादी तुकडीही सैन्याबरोबर आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये बुऱ्हान यांनी या सर्वांना लष्करी कायद्याखाली आणण्याचा आदेश काढला. त्यांचे पगारपत्रक कोणाकडे राहते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

म्हणून विनंती अशी, की आरएसएफसाठी ‘समांतर सैन्य’ असा शब्द आपण वापरावा. शस्त्रसंधीची बातमी आली की आरएसएफचा पगार कोण देणार, जड हत्यारे कोठे जमा होणार आणि खाणी कोणाच्या ताब्यात जाणार, याबद्दल करारात काय आहे तेही त्याच बातमीत द्यावे. करारात त्याबद्दल काही नसेल तर तसे स्पष्ट छापावे.

आपला,
एक वाचक
विजयदुर्ग, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग