शिबिराची तारीख ठरवण्याआधी

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. कारखान्यातल्या सहकाऱ्यांकडून वर्गणी काढून आपल्या गावी कृत्रिम पायांचे शिबिर घ्यायचे तुझ्या मनात आहे, हे वाचून फार बरे वाटले. मात्र बारा वर्षे असा पाय वापरत असल्यामुळे काही गोष्टी तुला आधीच सांगणे माझे कर्तव्य आहे.

मलाही पाय मिळाला तो अशाच एका शिबिरात, आणि त्याचे ऋण मी विसरलेलो नाही. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला जयपूर फूट आपल्या राहणीचा विचार करून केलेला आहे. त्याच्या रबरी पावलाला बुटाची गरज नसते, ते घोट्यात वाकते, म्हणून देवळात अनवाणी जाता येते आणि उकिडवेही बसता येते. मी पहिल्यांदा पंगतीत मांडी घालून बसलो, तेव्हा वाढता वाढता आईचा हात थांबला होता.

अडचण पुढे सुरू झाली. गुडघ्याखाली उरलेला पाय पहिल्या वर्षभरात हळूहळू आटत जातो आणि मापाने बसवलेले सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात घालतात ती कृत्रिम पायाची वरची खोळ, सैल पडते. मी आधी एक मोजा घालत होतो, मग दोन, मग तीन, आणि शेवटी धोतराची चिंधी गुंडाळू लागलो. आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे. रोप लावणीच्या दिवसांत आत घाम आणि बाहेर चिखल, अशात नडगीच्या टोकाला घासून जखम झाली. संध्याकाळी मोजा तिला चिकटलेला असे आणि बायको कोमट पाणी सोडून सोडून तो सोडवत असे. अखेर पाय खुंटीला टांगला आणि पाच महिने कुबड्यांवर काढले. कुबड्या घेऊन शेताच्या बांधावरून चालता येत नाही, त्यामुळे त्या वर्षी भात दुसऱ्याकडून करून घ्यावे लागले.

शिबिरवाल्यांनी दुरुस्तीसाठी कुठे जायचे ते सांगितलेच नव्हते. शोधत शोधत दूरच्या शहरातल्या एका कार्यशाळेत पोचलो. त्यांनी प्लास्टरने माप घेतले, प्लॅस्टिकचा जाड पाइप भट्टीत मऊ करून साच्यावर चढवला आणि त्याच संध्याकाळी मी चालत बाहेर पडलो. एका दिवसाच्या कामासाठी माझे पाच महिने गेले, हे मला आजही सलते.

मुलांचे तर याहून अवघड. आमच्या वाडीतल्या एका मुलीला कॅलिपर, म्हणजे अधू पायाला आधार देणारा बूट जोडलेला सांगाडा, मिळाला होता. वर्षभरात ती वाढली, बूट आखूड झाला, बोटे दुखू लागली, आणि आता ती पुन्हा भिंत धरून चालते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, निम्मे पैसे पुढच्या तीन वर्षांसाठी राखून ठेव. दर सहा महिन्यांनी एक जाणकार कारागीर खानापुरात यावा, त्याच्याकडे मोजे आणि पट्टे असावेत, आणि पाय घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव व माप एका वहीत लिहिलेले असावे. त्यासाठी पायांची संख्या कमी झाली तरी चालेल.

पाय खुंटीला टांगलेली चार घरे मला माहीत आहेत. दिवाळीला आलास की आधी तिथे जाऊन येऊ. तोवर वहीची पहिली पाने मी भरून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच