तालमीला नाही म्हणतोय

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

तालमीचा फोन आला होता. तालमीच्या सीनियर फुटबॉल टीमला कोच म्हणून या, शाळेपेक्षा जास्त देऊ, म्हणाले. तुम्हाला ते आधीच कळलंय, नाहीतर आईनं माझी खोली आवरायला काढली नसती. फोनवर हा विषय निघाला की बाबा फोन आईकडे देऊन मोकळे होतात, म्हणून लिहितोय.

मी नाही म्हणणार आहे.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फायनलला उतरलं की अख्खी पेठ पाठीशी असते, ते सुख मी भोगलंय. पण बाबा, तिथं कोचच्या हातात एक सीझन. दोन मॅच हरल्या की कट्ट्यावर पंचनामा. मग चषकासाठी बाहेरचे खेळाडू आणायचे आणि पेठेतली पोरं बाकावर. इथं पुण्यात पाचवीतलं पोरगं दहावीपर्यंत माझ्याकडं असतं.

सातवीत एक डावखुरा आहे. बॉल मिळाला की मान खाली घालून पळत सुटायचा. पास येण्याआधी मागं बघायचं आणि मी किती बोटं दाखवतोय ते ओरडून सांगायचं, एवढंच काम त्याला दिलं. कितीतरी दिवस अंदाजपंचे ठोकत होता. परवा मॅचमध्ये त्यानं मागं बघितलं आणि पहिल्याच टचला बॉल मोकळ्या बाजूला दिला. गोल झाला नाही. टाळ्या मी एकट्यानंच वाजवल्या.

माझा गुडघा गेला ते आठवतं ना? उडीनंतर गुडघा आत वळू न देता, वाकवून कसं उतरायचं, हे मला ऑपरेशननंतर फिजिओनं शिकवलं. माझी पोरं रोज वॉर्मअपला तेच घोटतात. कंटाळतात, कंटाळू देत.

खरी झुंज पालकांशी. नववी संपली की ‘सर, दहावी आहे.’ क्रीडा सवलतीचे गुण सांगून एखाद्याला थोपवतो, बाकीचे क्लासला जातात. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, म्हणालो, तर एका वडिलांनी विचारलं, नोकरी लागली का? अगदी तुमचाच आवाज, बाबा!

आई, खोली आवरून ठेवच. पावसाळ्यात शाळांच्या सुब्रतो कपच्या मॅच उरकल्या की गणपतीला येतो. बाबांचं मोतीबिंदूचं तेव्हाच करून टाकू, डॉक्टरांची वेळ मी घेतो. तालमीत मी स्वतः बोलेन. बाबा, तुम्ही मध्ये पडू नका.

तुमचा,
धाकटा