चि. महेश यास

चि. महेश यास,
अनेक आशीर्वाद.

काल वाढलेलं ताट तसंच ठेवून तू स्वारगेटच्या गाडीला निघून गेलास. फोनवर हे बोलता येत नाही, ह्यांचे कान अजून तिखट आहेत. म्हणून लिहायला बसले.

'घर विकायला आलास' असं बापानं तोंडावर म्हटल्यावर घास कुणाच्या घशाखाली उतरेल? तुला मी बोल लावत नाही. माझी भीती वेगळीच आहे. उद्या हे नसतील तेव्हा तुझ्या कानात एवढंच वाक्य उरायला नको.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलंय. ह्यांच्या फुप्फुसातला कॅन्सर मेंदूत पोचलाय. तिथली सूज उतरावी म्हणून डेक्साच्या गोळ्या आहेत, आणि त्याच गोळ्यांनी झोप उडते, भूक खवळते, चिडचिड वाढते. म्हणून दिवसातली दुसरी गोळी दुपारच्या जेवणाबरोबर द्यायची, रात्री नाही. आपल्या मनानं बंदही करायची नाही. संशय येतो तोही दुखण्याचाच भाग. परवा आक्कांना म्हणाले, माझं पेन्शनचं पुस्तक तू पळवलंस. आक्का रडल्या. शेजारचे कुलकर्णी आले की मात्र हसून बोलतात. राग सगळा आपल्यावर, कारण आपण उठून जाणार नाही याची खात्री असते.

आणि तू उठून गेलास. असं लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं.

आता पुढच्या वेळेसाठी सांगते. ते आरोप करायला लागले की खरंखोटं करत बसू नकोस. 'बरं अण्णा, बघतो' म्हणायचं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचं. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. आवाज चढला की आधी दुखतंय का ते बघायचं. सवय लागेल म्हणून मॉर्फिन चुकवतात. ते घड्याळ बघूनच द्यायला हवं, आणि जोडीला पोट साफ व्हायचं औषध. पोट तटलं की घर डोक्यावर घेतात. एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागले तर लघवीला जळजळ होतेय का तेही विचारायचं. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शननं असं होतं.

लागले बघ शिकवायला. पुण्यात एवढी माणसं हाताखाली सांभाळणाऱ्या पोराला मी काय सांगायचं! रागावू नकोस. रात्री मी एकटीच जागी असते, डोक्यात हेच चालतं.

तुला हरिपूरची पेवं, जमिनीखाली हळद साठवायचे ते खोल खड्डे, आठवतात का? आता मोजकीच राहिली असतील, 2005च्या पुरात किती गेली. सावकारांचा माल भिजला तर ह्यांनी अन्न सोडलं होतं, जसं काही स्वतःचंच बुडालं. त्याच्या कितीतरी आधी तुला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. पेव उघडलं की तोंडाशी कुणी लगेच उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यायची. तू वाकून बघायचास आणि हे मागून तुझी चड्डी घट्ट धरून उभे. घरी यायचात तेव्हा दोघांची नखं पिवळी. सौद्यांच्या दिवसांत ह्यांच्या सदऱ्याची कॉलर कितीही घासली तरी पांढरी व्हायची नाही. ह्यांचा राग हल्ली मला त्या पेवासारखा वाटतो. तोंडाशी थोडं थांबलं की आतला माणूस सापडतो.

तो माणूस आहे, महेश. मी रोज बघते. मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून उभा जन्म ज्यानं दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चोख ठेवला, त्याला आज बेसिनपर्यंत जायला माझा खांदा लागतो. त्याची लाज वाटते त्यांना. भीतीही वाटते. पहाटे विचारतात, 'दिवाळी बघीन का गं?' मी विषय बदलते.

रविवारी तू त्यांची दाढी केलीस ना, हनुवटी वर धरून, त्या तिळाच्या कडेनं इतकी अलगद. तुझं लक्ष ब्लेडवर होतं. त्यांनी तुझ्या शर्टाचा कोपरा बोटांत धरून ठेवला होता, दाढी होईपर्यंत सोडला नाही. मी दारातून बघत होते. ऊर भरून आला माझा. कुणी शिकवलं तुला हे? मनात काही धरायचं झालंच तर तेवढं धरून ठेव. घराचं बोललेलं सोडून दे.

परत तेच म्हणतेय, मला कळतंय. पण माझ्या बापाचं शेवटचं दुखणं मी सासरी असल्यानं बघितलं नाही, तू बघतोयस. मग वाईट तेवढंच तुझ्या वाट्याला का यावं?

शर्वरीला सांग, पिंटीला आणायला हरकत नाही, फक्त सकाळच्या वेळी. दुपारनंतर त्यांना आवाज सोसत नाही. शनिवारी येशील ना? आज दोनदा विचारलं, 'महेश पोचला का?' मी हो म्हटलं. त्यांना फोन कर, कालचा विषय काढू नकोस, ते काढणार नाहीत.

तुझी,
आई

ता. क. येताना हवेची गादी मिळाली तर आण, पाठ लाल व्हायला लागलीय. आणि तुझा डबा इथंच राहिलाय.