शास्त्राभ्यासाच्या बाईंना, मिरजेहून

आदरणीय बाई,
प्रभूमध्ये सलाम.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातले सगळे गुरुवार तुम्ही दोषभावना आणि पापक्षमा याच विषयाला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. देव क्षमा करतो हे सगळेच सांगतात. ती घ्यायची कशी, हे तुम्ही शिकवलंत.

'देवा, चुकलंमाकलं माफ कर' ही प्रार्थना तुम्ही पहिल्याच दिवशी बंद केलीत. बायबलमधल्या 1 योहान 1:9 मध्ये पापं 'पदरी घ्यायची', म्हणजे कबूल करायची आहेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'तेच बोलणं'. म्हणजे देव ज्याला चोरी म्हणतो त्याला आपणही चोरीच म्हणायचं. बेदाण्याच्या पेटीत अर्धा किलो कमी भरला असेल तर तेवढंच आणि तसंच सांगायचं. मग भरपाई. लेवीय 6:5 प्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे 100 रुपयांचा माल मारला तर 120 परत. पण क्रम उलटला की गाडं फसतं. येशू आधी लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी उतरला, चौपट परत करायची भाषा जक्कयाने नंतर केली. भरपाईला क्षमेची किंमत समजणाऱ्याला कितीही दिलं तरी कमीच वाटतं.

कलस्सै 2:14 शिकवताना तुम्ही उधारीची वही काढून एका पानावर तांबडी तिरकी रेघ मारलीत आणि खाली 'बेबाक' लिहिलंत. तिथला 'हस्तलेख' म्हणजे ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली चिठ्ठी, हे सांगलीच्या पेठेत वावरणाऱ्यांना वेगळं समजवावं लागलं नाही. बेबाक झालेलं खातं रोज उघडून पुन्हा माफी मागणं ही नम्रता नव्हे, असं तुम्ही स्पष्ट बोललात. ते काहींना झोंबलं. झोंबायलाच हवं होतं. रोमकरांस 8:1 मधली 'दंडाज्ञा' हा कोर्टाचा निकाल आहे, मनाची अवस्था नव्हे. निकाल आज लागतो, मन मागून येतं.

सगळ्यात उपयोगी पडला तो येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदाचा धडा. त्याने पाप नेमकं सांगितलं, रुप्याची 30 नाणीही परत केली. मग बिनसलं कुठे? तो गेला याजकांकडे, आणि 'त्याचं आम्हाला काय?' म्हणून त्यांनी त्याला झटकलं. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राकडे परत करायला काहीच नव्हतं, पण येशू किनाऱ्यावर दिसताच त्याने होडीतून पाण्यात उडी टाकली. पवित्र आत्मा एका कृत्यावर बोट ठेवतो आणि वाट दाखवतो; 'तू आहेसच तसली' असं मोघम टोचत राहणारा आवाज त्याचा नव्हे, ही खूण आम्ही पक्की धरली आहे.

आणि झोप उडाली, जेवण तुटलं, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठा, हे मिरजेत बसून तुम्ही सांगितलंत, बरं झालं. डॉक्टरांच्या गावात राहूनही दाखवायला लाजणारे कमी नाहीत.

पुढच्या वर्षी मत्तय 18 मधला, स्वतःचं मोठं कर्ज माफ होऊनही दुसऱ्याचे 100 दीनार न सोडणाऱ्या चाकराचा दाखला घ्याल का? त्या 100 दीनारांचा हिशेब आमच्यात बऱ्याच जणांकडून यायचा राहिला आहे.

आपले,
गुरुवारच्या शास्त्राभ्यासातले सर्वजण