धोट्यावर ठोकलेला खिळा

महोदय,

मी चित्रकलेची विद्यार्थिनी, राहते लालबागच्या चाळीत. मे महिन्याच्या सुट्टीत चाळीतल्या पोरांना घेऊन जिन्याखालची भिंत रंगवली. विषय अर्थात गिरणी. १९८२च्या संपाच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. मी साच्यावरचा, म्हणजे कापड विणायच्या मागावरचा धोटा काढला होता – आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो लाकडी तुकडा – पाहून पाहून, फोटोवरून. तळमजल्यावरचे आजोबा काठी टेकत आले. साचाखात्यात उमेदीची वर्षं गेलेला माणूस. म्हणाले, "पोरी, टोकाला लोखंडी टोपी कुठंय? बिनटोपीचा धोटा सूत फाडंल की!" मग त्यांनीच खडूने टोक काढून दिलं. हात थरथरत होता, पण रेघ चुकली नाही. मी ती तशीच ठेवली, वरून फक्त रंग भरला.

गणपतीत कुणीतरी शुभेच्छांचा फलक नेमका तिथेच ठोकला. चार खिळे. फलक उतरवताना गिलाव्यासकट धोटा खाली आला. फलक लावायला हरकत नाही हो, सणच आहे. पण दोरीने कठड्याला बांधता आला असता.

पोरं दिवाळीत पुन्हा रंगवू म्हणतात. आजोबांनी खडू मागून ठेवलाय.

– एक विद्यार्थिनी, लालबाग, मुंबई