मंत्रीसाहेब, खड्ड्याआधी माती बघायची होती

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या घरच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल परवा हातात पडला. नायट्रेट लिटरला 112 मिलिग्रॅम. भारतीय मानकाची मर्यादा 45, आणि त्यात सवलत नाही. घरात चार महिन्यांची नात आहे. सुनेला दूध पुरत नाही म्हणून डब्याची पावडर, आणि ती आम्ही याच पाण्यात कालवत होतो. गाळून, उकळून, सगळी काळजी घेऊन. डॉक्टर म्हणाले, गुरुजी, उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते वाढतं. म्हणजे माझी बायको रोज रात्री पातेल्यापाशी उभी राहून नेमकं उलटं काम करत होती. त्या दिवसापासून ती धड जेवलेली नाही. नायट्रेटने तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू कमी पडतो आणि बाळ निळं पडतं. नात बरी आहे, पण तिचे ओठ आणि नखं निळी पडत नाहीत ना, हे आम्ही दिवसातून दहा वेळा बघतो.

विहिरीपासून पंधरा फुटांवर शेजाऱ्यांच्या संडासाचा शोषखड्डा आहे आणि बावीस फुटांवर आमचा. होय, आमचाही. 2017 साली तालुक्याहून आलेल्या साहेबांनी उभं राहून फक्कीने आखून दिला. मी विचारलं होतं, विहीर जवळ नाही का होत? ते म्हणाले, आधी काम उरकू द्या, नंतर माती आणि पाणी दोन्ही तपासून देतो. ते 'नंतर' अजून यायचं आहे. फोटो मात्र लगेच निघाला, संडासाच्या दारात मी उभा. संडासाच्या अनुदानाचे 12,000 रुपये मिळाले, नाही म्हणत नाही. एप्रिल 2018 मध्ये अख्खा ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, त्यात माझाही तो फोटो असेल.

साहेब, आमची माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून चिकट गोळा. चार-पाच फूट काळी, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा खडक. काळीतच खड्डा ठेवला तर जुलैत तुंबतो आणि संडासात पाणी उलटं चढतं. म्हणून गवंडी मुरूम लागेपर्यंत खणतो. मग पाणी असं सुसाट जातं की वर्षानुवर्षं उपसा लागत नाही, आणि गाव गवंड्याचं कौतुक करतं. ते जातं कुठे, हे आता मला कळलं आहे.

हे आधी कळलं असतं. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात चाचणी दिलेली आहे. छोटा खड्डा खणायचा, पाणी भरून रात्रभर मुरवायचा, दुसऱ्या दिवशी ठरावीक पाणी ठेवून 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. साठच्या वर गेली तर तिथे शोषखड्डा नको. मी परवा अंगणात करून बघितली. बादली, पट्टी, मनगटी घड्याळ. पहिलं पाणी भेगांतून भसकन गेलं, मला वाटलं माती उत्तम आहे. रात्रभर मुरल्यावर सकाळी अर्ध्या तासात सहा मिलिमीटर. म्हणजे 25 ला दोन तासांच्या वर. चार लाखांची गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला एक बादली जड झाली?

अहवाल घेऊन कचेरीत गेलो तर तिथले साहेब म्हणाले, तुम्ही शेतकरी युरिया फार टाकता. टाकतो. ते पाप आमच्या माथी आहेच, उकिरड्याचंही आहे. पण माझं वावर गावाच्या खाली दोन किलोमीटरवर आहे आणि विहीर गावठाणात. पाणी चढावर जात नाही. शिवाय अहवालात कोलिफॉर्म, म्हणजे मैल्यात सापडणारे जंतूही निघाले आहेत, ते काही युरियाच्या गोणीतून आले नाहीत.

आणि युरियाच म्हणत असाल तर हिशेब घ्या. चुकला तर दुरुस्त करा, मी भाषेचा मास्तर. माणूस मलमूत्रातून वर्षाला अडीच-तीन किलो नत्र टाकतो. आमच्या घरात सात माणसं. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे वीस किलोच्या वर. एका घराच्या खड्ड्यात दरसाल जवळजवळ एक गोणी! गल्लीत चाळीस घरं. थोडं गाळात राहत असेल, थोडं उडून जात असेल. उरलेलं टाकीत अमोनिया असतं, मातीत हवा लागली की त्याचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही.

अहवालानंतर विहिरीत काय टाकलं? ब्लिचिंग पावडर. त्याने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात 440 जिल्ह्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आहे. सगळ्यांत वाईट पंधरांत सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि आमचं यवतमाळ. अभिनंदन. देशाच्या माती सर्वेक्षणाचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, म्हणजे काळ्या मातीचा स्वभाव सरकारला ठाऊक नाही असं नाही. माझ्या वावराची मृदा आरोग्य पत्रिका निघाली. ज्या मातीवर नातीचं पाणी अवलंबून आहे तिची पत्रिका कोणी काढायची? शेतीखातं म्हणतं आमचं नाही, आरोग्यवाले म्हणतात बांधकामाचं आहे, आणि बांधकामवाले फोटो मागतात. सगळा कारभारच फोटोचा झाला आहे. जमिनीखालचा फोटो निघत नाही, म्हणून तिथे काही घडतच नाही!

नळ? हर घर जल 2024 पर्यंत होतं, ते 2028 वर गेलं. आमच्या दारात तोटी आहे. तिच्यावर चिमण्या बसतात. तोवर जार विकत घेतो, पेन्शनमधून.

मागणं फार नाही. विहिरीलगतचे खड्डे बुजवून त्याजागी बंद टाक्या द्या, त्या उपसायला तालुक्याला गाडी द्या, आणि पुढचा एकही खड्डा त्या बादलीच्या चाचणीशिवाय आखू नका. तपासायला माणूस पाठवणार असाल तर मृगाच्या आत पाठवा. पाऊस लागला की आमच्याकडे खड्डा खणताच त्यात पाणी दिसतं, मग चाचणी कशाची करणार?

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ