सामाईक इंटरनेटची मोजणी आणि फलकावरची सूचना

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय: 'पी-टू-पी' (संगणकांनी एकमेकांना थेट फाइली देण्याची पद्धत, जशी टॉरेंट) वापराबद्दल लावलेली सूचना काढणे व इंटरनेट वापराची नीट मोजणी करणे

महोदय,

रविवारपासून लिफ्टशेजारच्या फलकावर 'चोरीचे चित्रपट उतरवणाऱ्या सदनिका' या मथळ्याखाली तीन क्रमांक लावले आहेत. त्यातला एक आमचा. लिफ्टची वाट बघताना लोक तो कागद वाचतात आणि माझ्या मुलीकडे बघतात. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आधी आमची चूक सांगते. तिने शुक्रवारी रात्री उबुंटू ही संगणक प्रणाली टॉरेंटने उतरवली. प्रणाली मोफत आहे आणि तिचे निर्मातेच टॉरेंटची फाइल देतात. साधारण ६ जीबी. टॉरेंटमध्ये फाइल लोकांच्या संगणकांतून तुकड्यातुकड्याने येते, त्यामुळे घेणारा देणाराही असतो. काम झाल्यावर प्रोग्रॅम बंद करायचा राहिला आणि तो दोन दिवस इतरांना तुकडे पुरवत बसला. त्या दोन दिवसांत आमच्या घरातून अपलोड बेसुमार गेले. कुणाच्या ऑफिसच्या मीटिंगला, मुलांच्या क्लासला त्रास झाला असेल तर मी मनापासून माफी मागते. आता अपलोडला मर्यादा घातली आहे. पण चित्रपट आणि चोरी हे शब्द आले कुठून?

सचिवांनी सांगितले की तंत्रज्ञाने आपल्या मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमधले 'टॉर्च' हे साधन उघडून दहा मिनिटे पाहिले आणि ज्या घरांतून एकाच वेळी इंटरनेटवरच्या शेकडो पत्त्यांशी (म्हणजे संगणकांशी) जोडण्या दिसल्या, ते क्रमांक उतरवून घेतले. मी ११ वर्षे नेटवर्कचेच काम करते. टॉर्चमध्ये त्या क्षणी कोणता पत्ता कोणत्या पत्त्याशी किती वेगाने बोलतो आहे ते दिसते. आत चित्रपट आहे की उबुंटू, ते दिसत नाही. विंडोजचे अपडेट इंटरनेटवरच्या इतर संगणकांना वाटण्याची सोय चालू असेल तर तेही अनेक अनोळखी पत्त्यांशी बोलते. उरलेल्या दोन घरांत काय चालले होते मला माहीत नाही, आणि समितीलाही माहीत नाही.

टॉरेंट पूर्वी वापरायचे ते ६८८१ ते ६८८९ हे पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दरवाजे) बंद केल्याचेही कळले. त्याने फरक पडणार नाही. आजचे टॉरेंट प्रोग्रॅम हवा तो पोर्ट घेतात आणि जोडणी कूटबद्धही करतात.

रात्री नऊ ते अकरा नेट रडते, ही सर्वांची तक्रार खरी आहे. पण आपण फक्त डाउनलोडचे आकडे बघत आलो. डाउनलोड चालू असताना 'मिळाले, पुढचे पाठवा' अशा छोट्या पोचपावत्या अपलोडच्या वाटेनेच जातात. ती वाट भरली की पावत्या रांगेत अडकतात आणि डाउनलोडही मंदावते. म्हणजे एका घराचे अपलोड याच सामाईक लाइनवरच्या ४८ घरांना जाणवू शकते.

म्हणून मोजणी हवीच, फक्त ती नीट व्हावी. राउटरमधली 'ट्रॅफिक फ्लो' ही सोय (कोणत्या पत्त्यावरून किती डेटा गेला ते सांगणारी) चालू करून तिची नोंद ऑफिसातल्या जुन्या संगणकावर ती गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवता येते. दोन आठवडे, तासागणिक, प्रत्येक घराचे अपलोड आणि डाउनलोड किती, एवढेच ठेवावे. आपल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआरही (चित्रण साठवणारे यंत्र) त्यात मोजावा; तो मोबाइलवर दिसतो तेव्हा चित्र याच लाइनवरून बाहेर जाते. कोण कोणत्या साइटवर गेले याची नोंद ठेवू नये. वायरशार्कसारखे साधन, जे डेटाची पाकिटेच (लाइनवरून जाणारे तुकडे) टिपून ठेवते, ते तर लावूच नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. एखाद्या घरात कोणत्या आजाराची माहिती शोधली जाते हे समितीच्या संगणकात असायचे कारण नाही.

अमेरिकेत कॉमकास्ट कंपनीने २००७ च्या सुमारास टॉरेंट ओळखून त्याच्या जोडण्या तोडल्या. तिथल्या दूरसंचार आयोगाने २००८ मध्ये तिला फटकारले. नंतर कंपनीने पद्धत बदलली: गर्दीच्या वेळी जास्त वापरणाऱ्याला तेवढ्यापुरते मागे ठेवायचे, मग तो काहीही वापरत असो. आपल्यालाही तेच सोयीचे आहे. राउटरची प्रणाली सातव्या आवृत्तीची असेल तर तिच्यात डेटाची रांग लावण्याची 'केक' नावाची पद्धत असते. तिची वेगमर्यादा लाइनपेक्षा किंचित कमी ठेवली की रांग आपल्याच राउटरमध्ये राहते आणि गर्दीत प्रत्येक घराला सारखा वाटा मिळतो. रात्री तीनला लाइन रिकामी असेल तर एखाद्याने ती सगळी वापरली तरी कुणाचे काही अडत नाही.

येत्या शनिवारी सकाळी दहाला मी ऑफिसात येऊन हे सगळे बसवून देईन, मोबदला नको. तंत्रज्ञालाही बोलवावे. किती दिवस नोंद ठेवायची आणि ती कोण बघणार, हे सर्वसाधारण सभेत ठरवावे.

फलकावरचा कागद मात्र शनिवारपर्यंत थांबवू नका. तो आजच काढावा, आणि तिन्ही सदनिकांवरचा चोरीचा आरोप मागे घेतल्याची सूचना त्याच जागी लावावी.

आपली विश्वासू,
सदनिका क्र. ब-६०२